तान्ह्या हृदयाला पुन्हा बळ

तान्हे मूल रडू लागले की घरातील वडीलधाऱ्या मंडळींकडे त्याची कारणे तयार असतात. पोटात वारा धरला असेल, दूध बाधले असेल, दृष्ट लागली असेल. मग ओव्याचा शेक होतो, हिंगाचा लेप होतो, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या जातात आणि बहुधा थोड्या वेळाने मूल शांतही होते. शंभरातील नव्याण्णव घरी हा उपचार पुरेसा ठरतो. परंतु एखाद्या घरी दोन-तीन महिन्यांचे मूल अंगावर पिता पिता मध्येच थांबते, त्याच्या कपाळावर घामाचे थेंब जमतात, चेहरा पांढराफटक पडतो, ते कळवळून रडते आणि काही क्षणांनी थकून झोपी जाते. भुकेमुळे ते पुन्हा उठते आणि पुन्हा तोच प्रकार घडतो. वजनाचा काटा पुढे सरकत नाही. अशा मुलाचे दुखणे पोटात असेलच असे नाही. प्रौढ माणसाला जिना चढताना छातीत जी कळ येते, तीच कळ या जिवाला दूध ओढताना येत असण्याची शक्यता असते. कारण तान्ह्या बाळाच्या आयुष्यात दूध पिण्याएवढे मोठे श्रमाचे काम दुसरे नसते.

या आजाराचे कारण काय, शस्त्रक्रियेने तो कसा दूर होतो आणि जवळजवळ निकामी झालेले हृदय त्यानंतर पुन्हा कसे सावरते, याची माहिती सर्वसामान्य वाचकाला व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नाही. तेव्हा विषय शक्य तितक्या साध्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

हृदयाचे स्वतःचे पोषण

हृदय सर्व शरीराला रक्त पुरविते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. मात्र हृदयाच्या कप्प्यांतून रक्त अखंड वाहत असले तरी त्या रक्तातून हृदयाच्या जाड स्नायूला थेट पोषण मिळत नाही. धरणाच्या भिंतीला लागून असलेल्या शेतालाही पाणी हवे असेल तर पाट काढावाच लागतो, तसा हा प्रकार आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणारे हे पाट म्हणजे हृद्‌रोहिण्या. शरीराची मुख्य शुद्ध रक्तवाहिनी जी महारोहिणी, तिच्या मुळाशीच उजवी व डावी अशा दोन हृद्‌रोहिण्या निघतात. डाव्या हृद्‌रोहिणीवर मुख्यतः डाव्या निलयाचे, म्हणजे सर्व शरीरात रक्त ढकलणाऱ्या कप्प्याचे पोषण अवलंबून असते.

विश्रांतीच्या वेळी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे वीसावा हिस्सा हृदयाच्या स्वतःच्या वाट्याला येतो. या रक्तातील प्राणवायूचा मोठा भाग हृदयाचा स्नायू पहिल्या फेरीतच शोषून घेतो. इतर अवयवांप्रमाणे गरज पडल्यास त्याच रक्तातून अधिक प्राणवायू काढून घेण्याची मुभा त्याला फारशी नसते. काम वाढले की रक्ताचा पुरवठाच वाढावा लागतो. तो वाढला नाही तर स्नायू उपाशी राहतो.

चुकीच्या ठिकाणी जोडलेला पाट

क्वचित एखाद्या बालकाच्या बाबतीत गर्भावस्थेत हृदयाची घडण होत असतानाच एक चूक होते. डावी हृद्‌रोहिणी महारोहिणीतून न निघता फुप्फुसांकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या फुप्फुस रोहिणीतून निघते. हा विकार अत्यंत विरळ आहे. सुमारे तीन लाख जन्मांमागे एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. इंग्रजी आद्याक्षरांवरून वैद्यकीय व्यवसायात त्याला ‘आल्कापा’ असे म्हणतात.

गर्भात असताना या चुकीचा काही त्रास होत नाही. त्या अवस्थेत फुप्फुसे श्वसनाचे काम करीत नसतात. फुप्फुस रोहिणी आणि महारोहिणी यांतील दाब जवळपास सारखा असतो आणि दोन्हींतील रक्तात प्राणवायूही फारसा वेगळा नसतो. मूल जन्मते, पहिला श्वास घेते आणि फुप्फुसे उघडतात. त्यानंतरच्या काही दिवसांत व आठवड्यांत फुप्फुस रोहिणीतील दाब उतरत जातो. जो बदल प्रत्येक निरोगी बालकाला हितकारक असतो, तोच या बालकाच्या मुळावर येतो. डाव्या हृद्‌रोहिणीला मिळणारे रक्त अशुद्ध तर असतेच, शिवाय त्याला ढकलणारा दाबही उरत नाही.

पुढे याहून विपरीत घडते. उजवी हृद्‌रोहिणी योग्य जागी असल्यामुळे तिच्यात शुद्ध रक्त जोराने येत असते. तिच्या बारीक शाखा डाव्या बाजूच्या शाखांशी जोडलेल्या असतात. त्या हळूहळू रुंदावतात आणि डाव्या बाजूला रक्त पोहोचवू पाहतात. परंतु डाव्या हृद्‌रोहिणीचे दुसरे तोंड कमी दाबाच्या फुप्फुस रोहिणीत उघडलेले असते. त्यामुळे मदतीला आलेले रक्त स्नायूत न जिरता त्या मोकळ्या तोंडाकडे उलटे वाहू लागते. पाटाचे पाणी शेताच्या बांधापर्यंत यावे आणि फुटलेल्या कडेने नाल्यात उतरावे, तशी ही स्थिती होते. शेताचा मालक पाणी येताना पाहतो, पण पीक मात्र सुकत जाते.

डावा निलय अशक्त होतो, ताणला जातो आणि फुगतो. द्विदल झडपेला आधार देणारे स्नायूही उपासमारीने दुबळे होतात. त्यामुळे झडप नीट मिटत नाही व रक्त मागे गळू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मूल घामाघूम होऊ लागते, त्याला धाप लागते, वजन खुंटते. उपचार न झाल्यास अशा दहा बालकांपैकी सुमारे नऊ पहिल्या वर्षातच दगावतात. ज्यांच्या जोडशाखा मुळातच भरघोस असतात अशी थोडी मुले मोठी होतात, परंतु त्यांच्याही डोक्यावर आकस्मिक मृत्यूची टांगती तलवार राहते.

निदानाचा इतिहास

फुप्फुस रोहिणीतून निघालेल्या हृद्‌रोहिणीचे वर्णन डब्लिन येथील शरीररचनाशास्त्रज्ञ ब्रुक्स यांनी १८८५ साली शवविच्छेदनावरून केले आणि तिच्यातून रक्त उलटे वाहत असावे, असा तर्कही मांडला. परंतु जिवंत बालकाच्या लक्षणांशी या दोषाची सांगड घालणारे प्रसिद्ध वर्णन १९३३ साली अमेरिकेतील बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड या तीन डॉक्टरांनी केले. त्यांच्यासमोरचे बालक तीन महिन्यांचे होते. दूध पिताना त्याला येणारे झटके पाहून, ही प्रौढांमधील हृत्‌शूलासारखी वेदना असावी, असे त्यांना वाटले. त्याच्या हृदयाच्या विद्युत् आलेखातही हृदयस्नायूला इजा झाल्याच्या खुणा दिसत होत्या. बालक वाचले नाही. शवविच्छेदनात चुकीच्या जागी उगम पावलेली रोहिणी आढळली. या त्रयीच्या नावाने हा विकार आजही ओळखला जातो.

रक्त उलटे वाहते, हे प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत दाखवून देण्याचे श्रेय बाल्टिमोर येथील साबिस्टन, नील आणि टाउसिग यांच्याकडे जाते. १९६० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात, त्या रोहिणीचे मूळ दाबून धरले असता तिच्यातील दाब वाढतो, असे नमूद केले होते. रक्त फुप्फुस रोहिणीकडून हृदयाकडे येत असते तर मूळ दाबल्यावर दाब कमी व्हावयास हवा होता. त्यावरून निष्कर्ष सरळ होता, आणि उपायही. गळती थांबविण्यासाठी ते मूळ बांधून टाकावयाचे. फुटलेली कड बुजविली की पाण्याला शेतात जिरणे भाग पडते, तसे हे होते. या उपायाने काही बालके वाचली. परंतु हृदय एकाच उजव्या रोहिणीच्या भरवशावर राहिले.

दोन रोहिण्यांचे हृदय

यापुढील प्रयत्न डाव्या हृद्‌रोहिणीला पुन्हा महारोहिणीचे रक्त मिळवून देण्याचे होते. कधी पायातील नीला, तर कधी हाताकडे जाणारी रोहिणी वळवून हा जोड साधण्यात आला. १९७४ साली नेचेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळ रोहिणीच उगमासह कापून महारोहिणीवर रोपण केल्याचे वृत्त दिले. १९७९ साली जपानी शल्यचिकित्सक ताकेउची यांनी फुप्फुस रोहिणीच्या आतूनच एक बोगदा रचून महारोहिणीचे रक्त हृद्‌रोहिणीपर्यंत नेण्याची पद्धत मांडली. दरम्यान १९७५ साली ब्राझीलचे शल्यचिकित्सक झातेने यांनी महारोहिणी व फुप्फुस रोहिणी यांची अदलाबदल झालेल्या बालकांवर केलेल्या शस्त्रक्रियेत हृद्‌रोहिण्या एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविल्या. ती पद्धत पुढे जगभर रूढ झाली आणि तान्ह्या मुलांच्या हृद्‌रोहिण्या हाताळण्याचा सराव शल्यचिकित्सकांना मिळाला.

आज शक्य असेल तेथे रोहिणीचे थेट रोपण करण्यात येते. हृदय-फुप्फुस यंत्रावर रक्ताभिसरण सोपवून हृदय थांबविले जाते. रोहिणीचे मूळ सभोवतालच्या भित्तीच्या छोट्या चकतीसह, सदऱ्याची गुंडी कापडासकट काढावी तसे, अलग केले जाते आणि महारोहिणीच्या भित्तीत बसविले जाते. ज्या नळीवर हे सर्व करावयाचे तिची जाडी साधारणतः दोन मिलिमीटरच्या आसपास असते. तिला पीळ पडता कामा नये आणि ताणही बसता कामा नये.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या काळजीतील एक गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे. धापा टाकणाऱ्या बालकाला भरपूर प्राणवायू द्यावा, असे कोणालाही वाटेल. परंतु जादा प्राणवायूने फुप्फुसातील वाहिन्या सैलावतात, फुप्फुस रोहिणीतील दाब आणखी उतरतो आणि हृदयाचे रक्त तिकडे अधिकच ओढले जाते. म्हणून या विकारात प्राणवायूही मोजून दिला जातो. निदान अचूक असणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

निजलेला स्नायू

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. निरोगी डावा निलय प्रत्येक ठोक्याला आपल्यातील रक्ताच्या शंभर भागांपैकी सुमारे पंचावन्न ते सत्तर भाग बाहेर फेकतो. या विकारात शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या अनेक बालकांत हे प्रमाण वीस-तीसपर्यंत खाली आलेले असते. प्रौढ माणसाच्या हृदयविकारानंतर अशी अवस्था आली तर ती पूर्ववत होण्याची आशा थोडी असते. या तान्ह्यांच्या बाबतीत मात्र हृदय बहुधा सावरते. असे का घडावे?

याचे उत्तर असे की, न हलणारा स्नायू मेलेलाच असतो असे नाही. रक्तपुरवठा दीर्घकाळ अपुरा पडला की हृदयपेशी आपले काम कमी करून जीव धरून राहू शकतात. आकुंचनासाठी लागणारी सामग्री त्या कमी करतात, साखरेचा साठा करतात आणि केवळ जगण्यापुरता खर्च ठेवतात. उन्हाळ्यात माळरानावरचे गवत वाळून भुईसपाट होते, पण मुळे जिवंत असतात. मृगाचा पाऊस पडला की तेच रान हिरवे होते. या अवस्थेला ‘शीतनिद्रेतील हृदयस्नायू’ असे नाव मिळाले आहे. ही कल्पना वैद्यकविश्वात रुजविण्यात १९८० च्या दशकात ज्यांचा मोठा वाटा होता, ते शहाबुद्दीन रहिमतुल्ला हे हृदयरोगतज्ज्ञ मूळचे मुंबईत जन्मलेले होते.

उजव्या हृद्‌रोहिणीच्या जोडशाखांतून आलेले थोडेसे रक्त स्नायूला काम करण्यास अपुरे असले तरी त्याला जिवंत ठेवण्यास अनेकदा पुरेसे ठरते. त्यातच वयाची अनुकूलता असते. अभ्रकाचे हृदय वाढीस लागलेले असते, आणि वाढीबरोबर स्नायूची नवी घडण होण्यास वाव मिळतो. प्रौढांच्या हृदयात नव्या पेशी निर्माण होण्याचा वेग फार मंद असतो, असे २००९ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. २०११ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत, एक दिवसाच्या पिल्लाच्या हृदयाचा कापलेला भाग पुन्हा भरून येतो, मात्र सात दिवसांच्या पिल्लाच्या बाबतीत ही क्षमता उरत नाही, असे आढळले. उंदरावरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तथापि, कोवळ्या वयाच्या हृदयाची प्रकृती निराळी असते, एवढा बोध त्यातून मिळतो.

सावरण्याचे टप्पे

पुरवठा सुरू होताच स्नायू लगेच कामाला लागतो असे मात्र नाही. दीर्घ उपासानंतर माणसाला एकदम पंगतीला बसविता येत नाही, तसे हृदयाचेही आहे. पहिले काही दिवस सर्वांत जोखमीचे असतात. शस्त्रक्रियेसाठी थांबविलेले आणि पुन्हा चालू केलेले हृदय काही काळ बधिर झाल्यासारखे असते. या काळात ठोक्याला बळ देणारी आणि वाहिन्या सैल करणारी औषधे द्यावी लागतात. काही बालकांची छाती एक-दोन दिवस शिवली जात नाही, कारण सुजलेल्या हृदयाला तेवढीही दाटी सोसत नाही. आणि औषधेही पुरी पडली नाहीत, तर बाहेरील पंपावर रक्ताभिसरणाचा भार काही दिवस सोपवून हृदयाला विसावा दिला जातो. पंपाला जोडलेले तान्हे मूल पाहणे आईबापांना फार कठीण जाते. पण तो पराभव नसून स्नायूला जागे होण्यासाठी दिलेली सवड असते, हे त्यांना समजावून सांगितले पाहिजे.

पुढील काही आठवड्यांत व महिन्यांत आकुंचनाचे बळ वाढत जाते. आईला ते प्रथम कळते. मूल न थांबता पोटभर दूध पिऊ लागते, त्याचा घाम कमी होतो आणि वजन वाढू लागते. यंत्रावरील प्रतिमेत त्यामागोमाग निलयाचा फुगवटा ओसरताना दिसतो. बहुसंख्य बालकांच्या डाव्या निलयाचे कार्य सुमारे वर्षभरात सर्वसाधारण पातळीच्या जवळ येते. झडपेची गळती याहून सावकाश कमी होते. निलय आटोपशीर झाला की झडपेच्या कडा पुन्हा जवळ येतात आणि आधाराच्या स्नायूंना बळ मिळते. म्हणूनच पुष्कळ शल्यचिकित्सक पहिल्या शस्त्रक्रियेत झडपेला हात न लावता वाट पाहणे पसंत करतात.

या चित्राची दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे. ज्या भागात उपासमार फार तीव्र झाली तेथे स्नायूच्या जागी व्रणाची तंतुमय ऊती तयार होते. तो भाग पुन्हा आकुंचन पावत नाही. काहींची झडप पुढे दुरुस्त करावी लागते. रोपण केलेली रोहिणी कालांतराने अरुंद होऊ शकते, आणि बोगद्याच्या पद्धतीत फुप्फुस रोहिणीचा मार्ग आकसू शकतो. सर्व बालके वाचतात असेही नाही. म्हणून मूल कितीही हुंदडू लागले तरी हृदयतज्ज्ञाकडील तपासणी आयुष्यभर चालू ठेवली पाहिजे. ‘आता बरे झाले, कशाला जायचे?’ ही भावना स्वाभाविक असली तरी धोक्याची आहे.

आपल्या गावापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत

हा आजार विरळ आहे, तेव्हा प्रत्येक रडणाऱ्या मुलाच्या बाबतीत धास्ती घेण्याचे कारण नाही. परंतु जन्मजात हृदयदोष एकत्र धरले तर ते साधारणतः शंभर जन्मांमागे एका बालकात आढळतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांची पहिली खूण हीच असते की मूल दूध पिताना थकते. ही खूण ओळखण्याची संधी आपल्या आरोग्यव्यवस्थेत वारंवार येते.

नवजात बालकाची घरोघर जाऊन काळजी घेण्याची पद्धत परिणामकारक ठरते, हे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोली जिल्ह्यातील कार्याने १९९९ साली जगापुढे आणले. २०११ पासून देशभर राबविण्यात आलेल्या कार्यक्रमात आशा कार्यकर्ती जन्मानंतरच्या बेचाळीस दिवसांत ठरावीक दिवशी घरी येते. २०१८ साली सुरू झालेल्या पुढील टप्प्यात तिची भेट तिसऱ्या महिन्यापासून पुन्हा सुरू होते. लसीकरणाच्या तारखाही दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या आहेत. हा विकार नेमका याच काळात डोके वर काढतो. लस टोचण्यापूर्वी परिचारिकेने ‘बाळ पिताना थांबते का? घाम येतो का? वजन किती वाढले?’ एवढे तीन प्रश्न विचारले आणि आईने संकोच न करता खरे उत्तर दिले, तर एखादे हृदय वेळीच हाती लागेल.

अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे झाला. जन्मजात हृदयदोषांचा त्यात समावेश आहे. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करण्याची, तसेच संशयित बालकांना जिल्हा पातळीवर व तेथून पुढे मोठ्या रुग्णालयात पाठविण्याची तरतूद त्यात आहे. मात्र तीन महिन्यांचे थकलेले मूल पुढील तपासणीपर्यंत थांबू शकत नाही. त्याला तत्काळ डॉक्टरांकडे नेले पाहिजे. फुगलेल्या, अशक्त हृदयाचे निदान झाल्यावर ‘स्नायूचाच आजार आहे’ असे म्हणून न थांबता, डावी हृद्‌रोहिणी कोठून निघते हे इकोकार्डिओग्राफीने, आणि जरूर तर सीटी तपासणीने खात्रीपूर्वक पाहिले जावे, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. कारण स्नायूच्या आजाराला औषधांशिवाय मोजकेच उपाय असतात. या विकाराला मात्र नेमका उपाय आहे.

१९३३ साली बोस्टनच्या त्या डॉक्टरांनी दुखणे अचूक हेरले होते, पण त्यांच्या हाती उपाय नव्हता. आज उपाय हाती आहे आणि तान्ह्या हृदयात सावरण्याची शक्तीही आहे. त्या शक्तीला अवधी मात्र थोडा असतो. तो अवधी घरात, अंगणवाडीत की दवाखान्याच्या रांगेत दवडला जातो, याकडे लक्ष देणे आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे. मूल दूध पिताना थकत असल्याची आईची तक्रार खालच्या आवाजातील असली तरी ती पूर्ण ऐकून घेतली जावी. त्या बाळाच्या उपचाराची सुरुवात तेथूनच होते.